भात कापल्यानंतरचे सात महिने

कोकणच्या भातशेतीचे वर्ष वस्तुतः पाच महिन्यांचेच असते. मृगाच्या सरींबरोबर तरव्यासाठी पेरणी होते, आषाढात लावणी उरकते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास भात खळ्यावर येते. त्यानंतर पुढल्या मृगापर्यंत खाचर उघडे पडते. जेथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेथील बहुसंख्य भातजमीन वर्षातील सात महिने काहीच पिकवीत नाही, ही वस्तुस्थिती बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. कोकणातील माणसाच्या मात्र ती इतकी अंगवळणी पडली आहे की, भात झाले म्हणजे शेती झाली, असेच तो समजतो.

या पाच महिन्यांच्या शेतीतून कुटुंबाच्या हाती काय लागते, याचा हिशेब अवघड नाही. कोकणात जमीन एकरांपेक्षा गुंठ्यांत मोजण्याचीच रीत आहे. वीस गुंठ्यांचे खाचर असलेल्या शेतकऱ्याने हेक्टरी चार टन, म्हणजे राज्याच्या सरासरीहून चांगले, भात पिकविले असे धरले, तरी त्याच्या पदरी सुमारे आठ क्विंटल भात पडते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने साधारण प्रतीच्या भातास जाहीर केलेली आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये होती. त्या दराने या आठ क्विंटलांचे पुरते एकोणीस हजार रुपयेही होत नाहीत. नांगरणी, चिखलणी, लावणी, बेणणी, कापणी आणि झोडणी यांची मजुरी यातूनच भागवावयाची. घरची माणसे राबतात म्हणून हा व्यवहार तोट्याचा दिसत नाही, इतकेच. अनेक घरांत भात विकलेही जात नाही. ते वर्षभर खाण्यासाठी ठेवले जाते. अशा घराला रोख पैशासाठी मुंबईकडेच पाहावे लागते.

भाताचे उत्पादन वाढविणे हा यावरील पहिला उपाय होय, आणि त्या दिशेने काम झालेलेही आहे. कर्जतच्या संशोधन केंद्राचे भातावरील कार्य १९१९ पासूनचे आहे. दापोलीस १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर कर्जत, रत्नागिरी, पनवेल आणि पालघर या नावांच्या अनेक सुधारित जाती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचल्या. डॉ. नारायण सावंत यांच्या चतुःसूत्री लागवडीत चार रोपांच्या चौकोनात युरिया-डीएपीची एकेक गोळी खोल खोचली जाते. त्यामुळे पावसाच्या पाण्याबरोबर खत वाहून जाण्याचे थांबते आणि थोड्या खतात अधिक भात येते. तथापि आठ क्विंटलांचे दहा किंवा अकरा क्विंटल झाले, तरी उरलेले सात महिने रिकामेच राहतात. शेतीचे उत्पन्न खऱ्या अर्थाने वाढावयाचे असेल, तर भाताबरोबर या सात महिन्यांचाही विचार झाला पाहिजे.

ओलाव्याचे गणित

भातानंतर दुसरे पीक घेणे ही कोकणाला नवी गोष्ट नाही. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांत भात कापल्यावर त्याच खाचरात वाल पेरण्याची पद्धत जुनी आहे. पौष-माघात वालाच्या कोवळ्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्याबरोबर भाजून पोपटी लावली जाते, तीही या पिकाचीच देणगी. बिरड्यासाठी कडव्या वालाला मुंबईच्या बाजारात वर्षभर मागणी असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वालाची जागा कुळीथ आणि चवळी घेतात. सखल, पाणथळ जागी हिवाळ्यात वायंगणी भातही केले जाते.

उत्तर आणि दक्षिण कोकणातील या भेदाचे मूळ मातीत आहे. ठाणे-रायगडच्या खाचरांतील माती काळ्या कातळापासून झालेली, चिकण आणि ओल धरून ठेवणारी आहे. दक्षिणेकडील जांभ्या दगडाची तांबडी माती पाणी झपाट्याने खाली सोडते. पहिल्या मातीत पावसाळ्यानंतर एकही पाणी न देता वाल उभा राहतो. दुसऱ्या मातीत कुळथासारखे काटक पीकच तग धरते. अन्य कशालाही पाणी द्यावे लागते. म्हणून एका जिल्ह्यात यशस्वी झालेली पद्धत दुसऱ्या जिल्ह्यात जशीच्या तशी नेण्यात अर्थ नाही.

या पिकांचे सारे यश दिवसांवर अवलंबून असते. भात कापले की उन्हाने जमिनीच्या वरच्या थरातील ओल रोज कमी होत जाते. कापणीनंतर आठवडाभरात बियाणे जमिनीत गेले तर ते सरसकट उगवते आणि मुळे ओलीचा पाठलाग करीत खाली उतरतात. तीन आठवड्यांनी पेरलेले तेच बियाणे विरळ उगवते आणि फुलोऱ्यात येताना सुकते. भारे बांधून घरी नेणे, झोडणे, पेंढा रचणे या कामांत शेतकऱ्याचे नेमके हेच दिवस निघून जातात. भात घरात सुरक्षित पडल्याखेरीज त्याला दुसरे काही सुचत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

दुसऱ्या पिकाचा निर्णय वास्तविक कापणीच्या वेळी होत नसून जून महिन्यात, भाताची जात निवडतानाच होत असतो. कोकणातील शेतकरी भाताचे हळवे, निमगरवे आणि गरवे असे तीन प्रकार मानतो. कर्जत-१८४, रत्नागिरी-२४ यांसारख्या हळव्या जाती सप्टेंबरच्या अखेरीस तयार होतात. जया किंवा पालघर-१ सारखी निमगरवी भाते ऑक्टोबरच्या मध्यावर येतात. गरवी भाते नोव्हेंबर दाखवितात. दुसऱ्या पिकाचाच विचार केला, तर हळवे भात सर्वांत सोयीचे. परंतु परतीचा पाऊस हा येथे मोठाच अडथळा आहे. हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सरासरी तारखा सुधारल्या, तेव्हा मुंबईहून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर ठरली. म्हणजे हळवे भात पिकते, तेव्हा पाऊस अद्याप गेलेला नसतो. लोळलेल्या लोंबीला शेतातच मोड येण्याचे प्रकार अलीकडे वारंवार घडले आहेत. याउलट गरव्या भाताला थांबावे, तर तोवर जमीन तडकू लागते. माळालगतच्या, पाणी लवकर निथळणाऱ्या खाचरांत हळवे, मधल्या खाचरांत निमगरवे आणि अगदी सखल दलदलीच्या जागी गरवे अशी विभागणी करणे हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग ठरतो. जुन्या शेतकऱ्यांना ही वाटणी ठाऊक होतीच. फरक एवढाच की, ती आता भाताच्या सोयीबरोबर वालाच्या सोयीनेही करावयाची आहे.

आणखी एक अडचण चिखलणीने निर्माण होते. पाणी साठून राहावे म्हणून चिखलणीत मातीची घडण मुद्दाम मोडली जाते आणि खाली एक घट्ट थर बसतो. भाताला ही स्थिती मानवते. पण तीच माती वाळली की दगडासारखी होते. तीत नांगर घातला तर मोठी ढेकळे निघतात, ओल उडून जाते आणि कडधान्याची मुळे त्या घट्ट थरापाशी अडतात. यावर तोडगा म्हणून कर्जत तालुक्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या ‘सगुणा’ पद्धतीत चिखलणी आणि लावणी दोन्ही टाळली जातात. कायम स्वरूपाच्या गादीवाफ्यांवर साच्याने खुणा करून भात टोकले जाते. कापणीनंतर धसकटे न उपटता त्याच वाफ्यांवर वाल, हरभरा किंवा भाजीपाला टोकता येतो. नांगरणीचा वेळ वाचल्यामुळे कापणी आणि पुढील पेरणी यांतील अंतर कमी होते, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ. तण आवरण्यासाठी तणनाशकावर भिस्त ठेवावी लागते, हा तिच्यावरील आक्षेपही खरा आहे.

कडधान्यामुळे पैशांखेरीज आणखी एक लाभ होतो. वाल, चवळी, कुळीथ यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र बांधून ठेवतात, आणि त्यातील काही भाग पुढील भाताच्या कामी येतो. जनावरांची संख्या घटत चालल्यामुळे ज्या गावांत शेणखत दुर्मिळ झाले आहे, तेथे ही गोष्ट उपेक्षण्यासारखी नाही. बियाण्यांची वाण आता राहिलेली नाही. चवळीची कोकण सदाबहार, कुळथाची दापोली-१ आणि भुईमुगाची कोकण गौरव या जाती दापोली विद्यापीठाने याच प्रदेशासाठी निर्माण केल्या आहेत.

थोडे पाणी मिळाले तर

जेथे विहीर, पऱ्या किंवा कालवा यांचे थोडेफार पाणी आहे, तेथे चित्र अगदीच पालटते. अलिबाग तालुक्यातील पांढरा कांदा हे त्याचे उत्तम उदाहरण. भात निघालेल्या खाचरांतच हा कांदा लावला जातो. चवीला गोडसर आणि कमी तिखट असलेल्या या कांद्याच्या वेण्या विणून त्या रस्त्याच्या कडेला टांगलेल्या पर्यटकांच्या परिचयाच्या आहेत. २०२२ मध्ये या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भाताच्या खाचरातील एका दुय्यम पिकाने मुख्य पिकाहून अधिक नाव मिळवावे, ही घटना लक्षात ठेवण्याजोगी आहे. कांदा वेणीने विकण्याची कल्पनाही बारकाईने पाहण्यासारखी आहे. वेणीमुळे माल टिकतो, ओळखू येतो आणि शेतकरी तो स्वतः विकू शकतो.

कलिंगडाचीही हीच कथा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लावलेले कलिंगड उन्हाच्या सुरुवातीस बाजारात येते आणि मुंबई जवळ असल्याने वाहतूक फार पडत नाही. पालघर जिल्ह्यात विक्रमगड परिसरातील आदिवासी शेतकऱ्यांनी मोगऱ्याची लागवड करून दादरच्या फूलबाजाराशी संबंध जोडला आहे. भातखाचराच्या वरच्या अंगाला असलेल्या वरकस जमिनीत पूर्वी नाचणी आणि वरी होत असे. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेखाली तेथे आंबा आणि काजू आला. हा बदल एवढा सर्वश्रुत आहे की, त्याचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही.

पाण्याचा प्रश्न निघाला की मोठ्या धरणाचीच भाषा होते. प्रत्यक्षात वाल, चवळी किंवा मुळ्या-पालकाचे दहा गुंठे भिजविण्यास धरण लागत नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून पऱ्यावर घातलेला वनराई बंधारा बहुधा श्रमदानातूनच उभा राहतो. तो पाऊस संपताच, पऱ्याची धार जोमात असताना घातला पाहिजे. डिसेंबरात, धार क्षीण झाल्यावर घातलेला बंधारा छायाचित्रापुरता उरतो. ज्या भागांत कालव्याचे पाणी खात्रीचे आहे, तेथे उन्हाळ्यात पुन्हा भातच घेण्याचा कल दिसतो. भाताची सवय आणि पेंढ्याची गरज यांमुळे तो समजण्यासारखा आहे. पण उन्हाळी भाताच्या खाचरात पाणी सतत उभे ठेवावे लागते. तेवढ्याच पाण्यात भुईमुगाचे कितीतरी अधिक क्षेत्र भिजते आणि भुईमुगाचा पाला गुरांनाही चालतो.

समुद्रालगतच्या खाऱ्या जमिनींचा विचार वेगळा करावा लागतो. तेथे पावसाळ्यानंतर क्षार वर येतात आणि कडधान्य उभे राहत नाही. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात घराशेजारच्या तळ्यांतून जिताडा पाळण्याची प्रथा आहे. शेजारच्या गोव्यात खाजन जमिनींत पावसाळ्यात कोरगुटसारखे क्षार सोसणारे भात पिकते आणि ‘मानशी’च्या दारांतून भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर करीत मासळी धरली जाते. पीक पालटणे म्हणजे दर वेळी दुसरे धान्यच पेरणे नव्हे, हे या दोन उदाहरणांवरून ध्यानात येते.

पूर्व विदर्भाचा दाखला

महाराष्ट्रातील भाताचा दुसरा मोठा प्रदेश म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे. तेथील शेतकऱ्याने ओलाव्याच्या प्रश्नाला फार पूर्वीच एक उत्तर शोधून ठेवले आहे. बांधीतील धान कापणीस दहा-पंधरा दिवस असताना, जमीन ओली असतानाच, उभ्या पिकात लाखोळी किंवा जवस फेकून पेरण्याची ही पद्धत ‘उतेरा’ म्हणून ओळखली जाते. हिला ना नांगरणी लागते, ना वेगळी मजुरी. धुऱ्यावर तूर लावण्याची चालही तेथे सर्रास आहे. लाखोळी प्रमाणाबाहेर आणि दीर्घकाळ खाल्ल्यास पायांत लुळेपणा येतो, म्हणून तिच्या डाळीच्या विक्रीवर पूर्वी निर्बंध आले होते. आता रतन आणि प्रतीक या अल्प विषद्रव्याच्या जाती उपलब्ध आहेत. उतेऱ्याचे उत्पन्न मोठे नसते, हे मान्य केले पाहिजे. तथापि पीक उभ्या धानातच उगवलेले असल्याने धान कापले तरी शेत मोकळे झाले, असे होत नाही. कोकणाच्या दृष्टीने ही गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. कारण कोकणातील खरी अडचण ‘मोकळे शेत’ या कल्पनेतच दडलेली आहे.

मोकाट गुरे आणि बंद घरे

भात कापले की गुरे सोडावयाची, हा कोकणातील बहुतेक गावांचा अलिखित नियम आहे. पावसाळ्यात दावणीला किंवा राखणीखाली असलेली गुरे पुढे मृगापर्यंत मोकळी फिरतात. गवत सुकलेले असते, राखणीला माणूस नसतो, आणि खाचरे उघडी असल्याने कोणाचे नुकसान होण्याचाही प्रश्न नसतो. अशा गावात एखाद्या शेतकऱ्याने आपल्या वीस गुंठ्यांत वाल पेरला, तर साऱ्या गावाच्या गुरांना हिरवे शेत तेवढे एकच दिसते. त्याला कुंपण करावे लागते, किंवा रात्रंदिवस राखण बसवावी लागते. खाचरे लहान आणि विखुरलेली असल्यामुळे कुंपणाचा खर्च पिकाच्या किमतीवर जातो. दोन वर्षे असा अनुभव घेतल्यावर तोही इतरांप्रमाणे गुरे सोडू लागतो.

बियाणे, खते आणि प्रात्यक्षिके यांवरचा खर्च अनेक ठिकाणी फळाला येत नाही, त्याचे कारण येथे आहे. दुसरे पीक हा एकट्या शेतकऱ्याचा निर्णय होऊच शकत नाही. तो वाडीचा किंवा गावाचा असावा लागतो. जेथे सलग पन्नास-शंभर खाचरांच्या मालकांनी एकाच वेळी पेरणी केली आणि गुरे बांधून ठेवण्याचे मान्य केले, तेथे कुंपणाची गरजच उरत नाही. एखाद-दुसरा राखण्या साऱ्या मळ्याला पुरतो. कोंडवाड्याची तरतूद कायद्यात आहेच. परंतु शेजाऱ्याची गाय कोंडवाड्यात घालून त्याच शेजाऱ्याशी वर्षभर नांदणे किती कठीण असते, हे गावात राहणारालाच कळते. गुरे बांधावयाची तर त्यांना चारा हवा, म्हणजे पेंढा विकून टाकण्याऐवजी राखून ठेवला पाहिजे आणि मळ्याबाहेरचे एखादे रान चराईसाठी मोकळे ठेवले पाहिजे. ज्याच्याकडे जमीन नाही, पण दोन शेळ्या आहेत, त्याच्या सोयीचा विचार न करता केलेला ठराव टिकत नाही.

मोकाट गुरांचा बंदोबस्त झाला तरी माकडे आणि रानडुकरे राहतातच. जंगलालगतच्या वाड्यांत त्यांचा उपद्रव एवढा वाढला आहे की, काही ठिकाणी भातदेखील सोडून द्यावे लागले. सलग लागवड आणि सामायिक राखण यांनी हा उपद्रव कमी होतो, संपत नाही.

दुसरी अडचण बंद घरांची. मळ्याच्या मधोमध असलेली चार खाचरे मुंबईस राहणाऱ्या चाकरमान्यांची असतात. ती पडीक राहिली की त्यांतून गुरांना वाट होते आणि उंदीर-घुशींना आसरा मिळतो. शेजारी ती कसावयास तयार असतो, मालकाचीही ना नसते. पण कागद होत नाही. याच्या मुळाशी कुळकायद्याची धास्ती आहे. १९४८ चा कुळवहिवाट अधिनियम आणि त्यानुसार १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्याला मिळालेली मालकी यांमुळे कोकणातील हजारो कुटुंबांना जमीन मिळाली, हे त्या कायद्याचे थोर कार्य होय. त्याच इतिहासामुळे आज तीन महिन्यांच्या वालासाठीही दुसऱ्याच्या हाती खाचर देण्यास मालक बिचकतो. जमीन पडीक राहिली तरी चालेल, पण सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव नको, अशी ही मनःस्थिती आहे. गावकीच्या साक्षीने, एका हंगामापुरता, केवळ पिकाचा वाटा ठरवून झालेले तोंडी करार काही ठिकाणी पाळले जातात. ते परस्परांच्या विश्वासावर चालतात, आणि जेथे भाऊबंदकीचा दावा चालू आहे, तेथे मुळीच चालत नाहीत.

या सर्व गोष्टी पेरणीच्या दिवसात ठरविता येत नाहीत. पेंढा किती राखावयाचा, चराईचे रान कोणते, राखण्या कोण आणि त्याचा शेर किती, मुंबईकरांच्या खाचरांत कोण पेरणार आणि बंधारा कोठे घालावयाचा, हे भात शेतात उभे असतानाच निश्चित व्हावे लागते. राज्यात १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दोन्ही दिवशी ग्रामसभा भरते. २ ऑक्टोबरला हळवे भात कापणीस आलेले असते आणि काही घरची गुरे सुटलेलीही असतात; त्या दिवशी ठराव करून त्या वर्षी उपयोग होत नाही. १५ ऑगस्टला लावणी संपलेली असते, बेणणी हातावेगळी होत आलेली असते आणि गणपतीसाठी गावी येणाऱ्या चाकरमान्यांशी खाचरांविषयी समक्ष बोलण्यास पुढे काही दिवस मिळतात.